दीदींचे केस
गोहलपूरच्या पार्लरमध्ये केस कापणं शिकायला आल्यापासून प्रणोतीला एकच कोडं पडलं होतं. शिकवणाऱ्या हेमलतादीदींनी केस कापले की बाया आरशापुढून हलत नसत, मग दीदींचे स्वतःचेच केस उंदरानं कुरतडल्यासारखे काहून? आज पुतळ्याच्या डोक्यावरचा सराव संपला, तशा दीदी स्वतः खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कात्री प्रणोतीच्या हातात ठेवली. “चल, काप.” “दीदी, बिघडले तर?” “बिघडतीलच. पहिल्यांदा सगळ्यांकडूनच बिघडतात, म्हणून गिऱ्हाइकाचे नाही, माझे.” प्रणोतीनं कानामागची आखूड बट उचलली. “ही कोणी कापली?” “अपूर्वानं. आता कांचघरच्या पार्लरमध्ये नोकरी करून राहिली.” “आणि ही तिरपी?” “दीप्तीनं. तिचे हात तुझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.” प्रणोतीनं हळूच मागचे केस उचलून दिसणार नाही अशी जागा शोधली. “समोर काप,” दीदी म्हणाल्या. “मला रोज आरशात तू दिसली पाहिजे.”