गुणवंतरावांचा होकार

"काही झालं तरी त्या घराचा होकार घेऊन या," असं म्हणून मेश्राम मॅडम सावली या तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडसमोरच्या टपरीवर बसल्या. जायचं गाव तिथून जवळच होतं, पण मॅडम पुढं येणार नव्हत्या.

निकेश आणि रंजीताचं पीएचडीचं हे पहिलंच वर्ष. विषय माहिती प्रणाली. निकेशला वाटत होतं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, आकडे फिरवायचे, झालं. मॅडमनी पहिल्याच तासाला त्याची हवा काढली. "प्रणाली मशीनमध्ये नसते रे. घरात कोण कोणाला काय सांगतं आणि काय लपवतं, तिथून आपलं काम सुरू होतं."

म्हणून त्यांचे नवे विद्यार्थी सगळ्यात आधी गावात जात. धान पिकवणाऱ्यांच्या मोबाईलवर शेतीचा सल्ला येतो. त्याचं घरात पुढं काय होतं, हे दरवर्षी त्याच घरांत जाऊन विचारायचं. आधी रेकॉर्डरवर घरातल्या कर्त्या माणसाचा तोंडी होकार घ्यायचा. होकार नसेल तर घर अभ्यासातून बाद. आणि मार्गदर्शकानं गावात पाऊल टाकायचं नाही. तो समोर असला की लोक त्याला आवडेल तेच बोलतात.

त्या घराच्या गुणवंतरावांनी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना सांगून टाकलं होतं, पुढच्या साली येऊ नका. तेव्हापासून मॅडमच्या जिवाला घोर लागला होता.

"दुसरं घर घेऊ ना, मॅडम," रंजीतानं जीपमध्ये सुचवलं होतं.

"नाही. तेच घर पाहिजे." मॅडमचा आवाज ओला झाला. अभ्यासावर एवढा जीव लावता येतो, याचं रंजीताला नवल वाटलं. आपल्यालाही कधी असं जमेल का, अशी काळजीही वाटली.

गुणवंतराव अंगणात धानाची पोती शिवत बसले होते. त्यांच्या पत्नी रुखमाबाईंनी खाट टाकली, पाणी आणलं. निकेशनं रेकॉर्डर काढून पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "भाऊ, या मुलाखतीला तुमचा होकार..."

"नाई," गुणवंतराव म्हणाले. दाभण चालूच राहिलं.

निकेशनं रेकॉर्डर बंद केला. चहा तरी घेऊन जा, असं रुखमाबाई म्हणाल्या आणि रंजीताला घेऊन चुलीपाशी बसल्या.

"तुमची मॅडम कडक हाय काय वं?"

"लय कडक, बाई. एक शब्द चुकला तर पूर्ण पान पुन्हा लिहायला लावते."

"असनच." बाई हसल्या. "अन् जेवते काय टायमावर?"

"कायचं जेवण! डबा तसाच वापस नेते." रंजीतालाही हसू आलं. "बाई, तुम्ही तर आमच्या मॅडमचीच मुलाखत घेऊन राह्यल्या."

बाईंनी पदरानं चहाचं भांडं उतरवलं आणि धूर लागल्यासारखे डोळे पुसले.

इकडे निकेश आशा सोडायला तयार नव्हता. गुणवंतरावांच्या बंडीच्या खिशात फोन दिसत होता. "भाऊ, सल्ल्याचा मेसेज तरी वाचता का?"

"नाई वाचत."

"मंग काऊन सांभाळता?" चहा घेऊन आलेल्या रुखमाबाईच बोलल्या. "हे रोज चार्ज करते, धानाच्या बांधीत नेते, झोपताना उशाशी ठेवते. मले हात लावू देत नाई. अन् सोता कोणासंग बोलत नाई."

"तुले काय कराचं हाय?" गुणवंतराव गुरकावले. पण खिशावर हात गेलाच त्यांचा.

निकेशनं चहा संपवला. शेवटचं म्हणून गयावया केली. "भाऊ, आमचं काही चुकलं का? पहिल्याच कामात घर हातचं गेलं, तर मॅडमला तोंड कसं दाखवू?"

"तुमचं काई नाई चुकलं, बाबू. दरसाल नवे पोट्टे येते. इचारते, घरात किती जण, फोन कोणाचा येते? मी सांगतो, दोघं. कोणाचा नाई. तुम्ही लिहून घेता अन् चालले जाता. कटाळा आला मले आता तेच तेच सांगाचा."

दोघं उठले. रंजीतानं बाईंना नमस्कार केला. बाईंचं लक्ष मात्र नवऱ्याकडे होतं.

"येतो, भाऊ. मॅडम सावलीला वाट पाहून राह्यल्या," निकेश म्हणाला.

गुणवंतरावांचा हात थांबला. "सावलीपर्यंत येते ते?"

"दरवर्षी येतात म्हणे."

"अन् तेथूनच वापस जाते?"

"नियम आहे ना, भाऊ. त्या फक्त रेकॉर्डिंग ऐकतात. दार लावून, एकट्याच. शब्द न् शब्द."

गुणवंतरावांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं. त्यांनी फाटकाबाहेरच्या सडकेकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढं केला.

"चालू कर तुही मशीन."

निकेशचा जीव भांड्यात पडला. त्यानं घाईघाईनं बटण दाबलं आणि पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. पण गुणवंतरावांनी रेकॉर्डर त्याच्या हातातून काढून घेतला आणि अगदी ओठांजवळ नेला.

"पोरी, या पोट्ट्यायले काऊन धाडतं? सोता ये. जावयालेबी घेऊन ये."