केस विंचरून
स्वच्छ ऊर्जेसाठी झटणाऱ्या संस्थेत ती नवखी इंटर्न होती, पण ऑनलाइन मोहिमेसाठी तिनंच काढलेला फोटो निवडला गेला. मोहिमेच्या उद्घाटनाला पडद्यावर एक बाई ओल्या लाकडांची चूल फुंकत होती. डोळ्यांतून पाणी, केस विस्कटलेले. बाई म्हणजे तिची आई. “थांब गं, केस तरी विंचरते,” आई तेव्हा म्हणाली होती. “राहू दे, नुसता कॅमेरा तपासतेय,” म्हणत लेकीनं वेळ मारून नेली होती. “इतका अस्सल फोटो! कोण ही?” संचालकांनी विचारलं. बड्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली, “गावाकडची एक बाई.” लेकीचं कौतुक बघायला आलेली आई दाराशीच उभी होती, केस चापूनचोपून विंचरून. संचालकांनी तिला लगेच ओळखलं. “अरे, ह्याच त्या! तुम्ही इथे कशा?” लेकीनं मान खाली घातली. “ह्या ताईंनी बोलावलं, साहेब,” आई म्हणाली, “फोटो बघायला.”