चालकाचं झाकण

यशदीप सैन्यात ज्या रणगाड्याचा चालक होता, त्याची छोटी प्रतिकृती लहानूजी घरी स्वतःच्या हातांनी घडवत होते. अंगाला जुन्या स्विचबोर्डाचं प्लास्टिक, तोफेला पेनाची रिकामी रिफिल. विकतचा एकही भाग नाही. सरावात आग लागली तेव्हा चालकाच्या डोक्यावरचं झाकण अडकून बसलं आणि त्यांचा मुलगा आतच राहिला. म्हणून लहानूजींनी ते झाकणही बंदच चिकटवलं. जसं होतं तसंच करायचं, हा त्यांचा हट्ट.

पण रोज सकाळी झाकण उघडं सापडे. बाजारातून दुसरा गोंद आणला, तरी उघडंच. आईचं काळीज आहे, असं समजून ते मीराबाईंना काही बोलले नाहीत. शेवटी एकदा सकाळच्या चहाला म्हणाले, "बरं बाई, तूच जितली. आता नाही चिकटवत. पण चाकूनं कोरत नको जाऊ, रंग निघून राहिला त्याचा."

मीराबाईंनी कप खाली ठेवला.



"मी कायले कोरू? मले वाटे, पोराले निघता यावं म्हणून तुमीच उघडून ठेवता."