समोरच्या भिंतीवरचं वाळवंट

डायलिसिसच्या खोलीत प्लंबरकाकांच्या खाटेसमोर वाळवंटाचा भिंतभर फोटो होता. वाळूच्या टेकड्या, त्यांच्या लांबच लांब सावल्या आणि वर कोरडं ठणठणीत आभाळ. किडन्या थकल्यापासून, जन्मभर लोकांच्या घरी पाणी पोचवणाऱ्या काकांना डॉक्टरांनी दिवसाला जेमतेम चार पेले पाणी ठरवून दिलं होतं.

काकू पहिल्याच दिवशी मॅनेजरवर कडाडल्या, "इथं माणसं घशाला कोरड पडून चार-चार तास झोपलेली असतात आणि त्यांच्यापुढे वाळवंट टांगता? जनाची नाही तर मनाची तरी बाळगा!"

"मावशी, मोठ्या फोटोग्राफरचा आहे तो. बघून मन शांत होतं."

काका "राहू दे गं" म्हणत होते, पण काकूंपुढे त्यांचं आजवर कधी काही चाललं होतं? महिनाभर काकूंनी मॅनेजरचं डोकं खाल्लं.

आज आत शिरताच त्यांनी काकांचा दंड दाबला. "बघा! घेतला की नाही बदलून?"

वाळवंटाच्या जागी भिंतभर धबधबा कोसळत होता. थेंबन् थेंब मोजून घ्यावा इतका स्वच्छ. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी आवंढा गिळला आणि तोंड फिरवलं.

"आता कसं गार गार वाटतंय ना?" काकूंचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

"हो गं," काका म्हणाले. "छान आहे."



काकूंची पाठ वळली तसे काकांनी डोळे घट्ट मिटले, आणि पुढचे चार तास वाळूची एकेक टेकडी आठवत पडून राहिले.