डबी कुठं सांग

"तुम्ही मला न विचारता माझ्या डबीचा प्रकार बदलला. साधी होती, तुम्ही कोड्यात टाकली. गेल्या दिवाळीपासून इथं कुत्रं फिरकलं नाही, ते तुमच्यामुळं."

एवढं मोबाइलवर लिहून तृप्तीनं ओट्यावर बसल्या बसल्या पुन्हा वाचलं. 'कुत्रं' तसंच ठेवलं. ज्याला लिहीत होती त्याचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. साइटवर डब्या मंजूर-नामंजूर करणारा कुणीतरी. दिसत काही नव्हता, शिक्का तेवढा मारत होता.

खेळ सरळ आहे. डबी लपवायची, जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे साइटवर टाकायचे. मग कुणी अनोळखी माणूस मोबाइल बघत बघत येतो, डबी हुडकतो, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितो आणि होती तिथं ठेवून जातो. बियाण्याचे नमुने ठेवतात तसली घट्ट झाकणाची डबी तृप्तीनं गावच्या पाझर तलावाच्या सांडव्यात, दगडाच्या फटीत ठेवली होती. वडीगोद्रीचा हायवे तिथून हाकेच्या अंतरावर. दिवसरात्र गाड्या. वळली एक नाही. कागद कोरा.

आज सकाळी तिनं पहिल्यांदा परक्या माणसासारखं शोधून पाहिलं. जिल्हा जालना, प्रकार साधी. नकाशा रिकामा. मग प्रकार बदलला, कोडं. तलावावर एकच निळं प्रश्नचिन्ह उगवलं. मंजुरीचा मेल आला तेव्हा तिनं पेढे वाटले होते, प्रकार कोण बघतो?

"अहो, ही आपलीच हाय! कोड्यात टाकून दिली त्यानं."

हरिओम पिकअप धूत होता. "तूच तर उखाणा टाकल्ता."

टाकला होता. डबीखाली माहिती लिहायला जागा होती. चारचौघांत पहिल्यांदा काही मांडायचं आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? म्हणून तिनं लिहिलं होतं:

तलावाच्या सांडव्यावर बगळ्यांची रांग,
हरिओमरावांचं नाव घेते, डबी कुठं सांग.

"ह्याच्यात कोडं कुठंय? सांडवा सांगितला, आकडे बराबर दिले. आता काय उचलून हातात देऊ?"

"सांग म्हणलीस ना. त्याला वाटलं, इचारून राह्यली."

"वाटलं तर मला इचारायचं की. मी काय मेल्ते का?"

सासू कडूबाई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही मंग माय. दबून लिहू नको."

म्हणून लिहिलं होतं. आता पाठवणार तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. पन्नाशीच्या बाईनं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "हरिओमराव इथंच राहतात ना?"

हरिओमचा हात बादलीतच राहिला. कडूबाईनं सूप खाली ठेवलं. "तुम्ही कोण? आन् ह्याच्याकडं काय काम काढलं?"

"मी रूपाली, बीडहून आले. अख्ख्या गावाला विचारलं, हरिओमरावांकडं एक डबी आहे का. कुणी सांगेना, नुसते हसून राह्यलेत."

तृप्ती ताडकन उठली. "ताई, तुम्ही तलावावरून आलात का?"

"हो. सांडव्यावर बसून भाकर खाल्ली."

"तिथंच हाय की डबी! नकाशात ठिपका हाय, तिथंच."

"कोड्यातला ठिपका खोटा असतो," रूपाली ठामपणे म्हणाली. "तिथं कुणी हुडकत नाही. कोडं सोडवलं की खरी जागा कळते. आणि उत्तर तर तुम्ही नावानिशी लिहिलंय."

हरिओमनं छातीवर बोट ठेवलं. "उत्तर म्हणजे... मी?"

"जन्मात पहिल्यांदा," कडूबाई म्हणाली, "कशाचं तरी उत्तर झालास बाबा." आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

सगळे पिकअपमधून सांडव्यावर गेले. बगळे उठले, थोडं पुढं जाऊन बसले. रूपाली ज्या दगडावर बसून जेवली होती, त्याच्याच खालच्या फटीत हात घालून तिनं डबी काढली. झाकण गच्च बसलं होतं, ते हरिओमनं उघडून दिलं. कागद मांडीवर घेऊन रूपालीनं पहिल्या ओळीत सावकाश नाव लिहिलं. तृप्ती ते अक्षर अन् अक्षर बघत राहिली.

"त्या माणसानं मधी हात घातला नसता," ती म्हणाली, "तर तुम्हाला सरळ सापडली असती."

"सापडलीच नसती. साध्या डब्या मी बघतच नाही. ॲपमध्ये मराठवाडा टाकते, प्रकार फक्त कोडं, आधी सापडलेल्या वगळते. एवढी एक उरली होती. साधी असती तर मला दिसलीसुद्धा नसती."

हरिओमला तेवढंच पाहिजे होतं. "घे! आता ते लिहिलेलं खोडून टाक. उलट आभार मान त्याचे."

तृप्तीनं मोबाइल काढला. कुत्र्याचं वाक्य खोडलं, कारण ते आता खरं राहिलं नव्हतं. बाकीचं ठेवलं. खाली लिहिलं:

"आज बीडच्या रूपालीताई आल्या. डबी आता कोड्यातच राहू द्या, परत हात लावू नका. झालं ते चांगलंच झालं. पण चांगलं झालं म्हणून तुमचं बरोबर होत नाही. डबी माझी, उखाणा माझा, नवरा माझा. मला न विचारता बदललंत कसं? उत्तर द्या."