अंगठ्याआडची बदकं

वडिलांनी हात ताठ पुढे धरला, एक डोळा मिटला आणि अंगठा तळ्यावर रोखला. गावाच्या हिवाळी पक्षीगणतीत दरवर्षी बदकं तेच मोजत. अंगठ्याआड पन्नास बदकं मावतात. मग थव्याच्या टोकापर्यंत किती अंगठे बसतात, एवढंच बघायचं.

यंदा अंगठा थरथरत होता. मोजणी दोनदा चुकली होती. त्यात वर ससाणा घिरट्या घालू लागला आणि बदकं चुळबुळायला लागली. थवा आता उडणारच होता.

"अण्णा, मी मोजू?" मला राहवेना.

"गप्प बस!" ते खेकसले.

ससाणा आणखी खाली आला. अण्णांनी हात स्वेटरच्या खिशात खुपसला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझा अंगठा बारीक आहे. चाळीसच धर."