साहेबांचं सीरम

१९७४ सालच्या त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचेची बशी उजेडाकडे धरली आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. बशीत जंतूंबरोबर नुसतं सीरम घातलं होतं, रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. औषधाचा थेंबही नव्हता. तरी जंतू मेले होते.

बाईंनी तयार केलेलं प्रतिजैविक म्हणजे बशीत वाघ आणि रक्तात शेळी. रक्तातली प्रथिनं त्याला अशी कवटाळून बसत की जंतूंपर्यंत जायला ते मोकळंच उरत नसे. बाईंनी रेणूचं एक टोक बदलून पाहिलं, मग दुसरं. प्रथिनांची मिठी काही सुटेना. प्रयोगशाळेतली माणसं पाळीपाळीने दंड पुढे करत, त्यांच्या रक्तातून सीरम निघे, आणि दर वेळी बशीवर जंतूंची साय धरलेली. वरच्या मंडळींनी निक्षून सांगितलं होतं, या महिन्यात जमलं तर ठीक, नाहीतर औषध बंद आणि बाई दुसऱ्या खात्यात.

सगळ्यांचं देऊन झालं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी स्वतः बाही वर केली. माझं घ्या, खानदानी आहे, म्हणाले. आणि त्या सीरममध्ये औषध चाललं. बशी लख्ख. साहेबांनी तिथल्या तिथे वर फोन केला, सगळ्यांना चहा पाजला. त्या घाईत एक बशी ठेवायची राहिली, नुसत्या सीरमची. मनाला चुटपुट लागली म्हणून बाईंनी ती काल ठेवली होती.

त्यांनी रक्त काढणाऱ्या मुलीला हाक मारली. तिला सगळे चिमणी म्हणत. सुई टोचण्याआधी ती प्रत्येकाला खोदून खोदून विचारायची, ताप आला होता का, कसल्या गोळ्या चालू आहेत का. लोक तिला फौजदारीण म्हणून चिडवत. साहेबांना विचारलं होतंस का, असं बाईंनी म्हटल्यावर ती आपली नखं बघत राहिली.

"बाई, साहेबांना कसं विचारणार?"

बाई बशी घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब वरच्या मंडळींपुढे करायच्या भाषणाची उजळणी करत होते. बाईंनी विचारलं तसं त्यांनी सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. दाढ सुजली होती. दंतवैद्याने प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्त दिलं त्या सकाळीही एक घेतली होती. बाई खुर्ची ओढून बसल्या. त्या गोळ्यांचं औषध प्रथिनांच्या तावडीत फारसं सापडत नाही. तेच साहेबांच्या सीरममध्ये मोकळं हिंडत होतं. जंतू त्याने मारले होते, बाईंच्या औषधाने नव्हे.

"मग रक्त देताना बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

बशी आपटावी असं बाईंच्या मनात आलं. पण राग काढायचा कुणावर? सुई टोचली तेव्हा कापूस हातात धरून त्या स्वतः शेजारीच उभ्या होत्या. साहेबांनी भाषणाचा कागद उलटा ठेवला आणि आता वर काय तोंड दाखवू, म्हणाले. आहे तेच दाखवा, म्हणून बाई उठल्या.

साहेबांनी वर खरं सांगितलं, पण अर्धं. सीरम खराब निघालं, म्हणाले. कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. पुढे ते हारतुरे घेऊन मानाने निवृत्त झाले. चिमणीची रवानगी कोठारात झाली; तिथे तिचा जीव रमेना, तिने नोकरी सोडून नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन झाली. भलेभले डॉक्टर तिला वचकून असत. बाईंना पिण्याचं पाणी तपासायच्या खात्यात धाडलं. तिथेच त्यांचे केस पिकले.

औषधाची उरलेली बाटली एका महाविद्यालयाने मागून नेली. तिथले मास्तर दर वर्षी जंतूंच्या बशीत त्याचा एक थेंब टाकत. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल कडं उमटलेलं असे, आणि पोरं टाळ्या वाजवत.